दारू सोडणाऱ्याच्या घरचीं माणसें

(तेर, जिल्हा धाराशिव, येथें भरलेल्या शेतकरी व कारागीर कुटुंबांच्या सभेंत एका कुंभार बांधवानें केलेलें भाषण.)



मी विद्वान नाहीं आणि वैद्यही नाहीं. तेरणेच्या कांठीं आमचें कुंभाराचें घर आहे. मडकीं, रांजण, पणत्या, नवरात्रांत घट, आणि अलीकडे वीटभट्टी, यांवर आमचा प्रपंच चालतो. मला आज बोलावयास उभें केलें तें माझ्या थोरल्या भावामुळें. तो अकरा वर्षें दारू प्याला. आज तो पीत नाहीं, आणि त्या कोपऱ्यांत, खांबाला टेकून बसला आहे. त्याला विचारूनच मी बोलतों आहें. तो म्हणाला, "सांग समदं. पर माझ्या माघारी नगं, म्होरंच सांग." म्हणून त्याच्या समोर सांगतों.

दारू पिऊं नये हें सांगणारीं भाषणें आपण पुष्कळ ऐकलीं आहेत. गाडगे महाराज १९५६ सालीं गेले, तोंपर्यंत गांवोगांव कीर्तनांत हेंच सांगत फिरले. त्याच्याही आधीं, १८८० सालीं, जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना त्यांनीं शहरांत वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. थोर माणसांनीं सांगावयाचें तें सांगून ठेविलें आहे. परंतु ज्याच्या घरांत पिणारा आहे त्या घरानें सकाळीं उठून काय करावें, हें सांगणारा मला अकरा वर्षांत कोणी भेटला नाहीं. जो तो म्हणे, "समजावून सांगा त्याला." अहो, समजावून सांगून दारू सुटती तर आमच्या आईच्या तोंडाचीं एवढीं बोळकीं झालीं नसतीं. (हंशा.)

प्रथम आमच्या चुका सांगतों, कारण त्याच तुमच्याही घरांत चालू असतील.

दादाची दारू २००५ च्या सुमारास सुरू झाली. वीटभट्टी पेटली कीं रात्रीं जाग द्यावी लागते. थंडीचे दिवस, सोबतीला चार माणसें, कोणी तरी हातभट्टीची बाटली आणी. पहिलीं दोन-तीन वर्षें कोणाला कांहीं वाटलें नाहीं. 'अंग मोडून काम करतो लेकरू, घेतली थोडी तर काय झालें,' असें आमची आईच म्हणे. पुढें त्याला सकाळीं उठल्याबरोबर लागूं लागली. चाकावर बसला कीं हात थरथरत. एक क्वार्टर पोटांत गेली कीं हात स्थिर होत आणि मडकें सुरेख उतरे. आम्हांला वाटे, दारूनें याचा हात चालतो. खरी गोष्ट उलटी होती. शरिराला दारूची इतकी संवय झाली होती कीं ती न मिळाली तर हात कांपत. दारू हाताला बळ देत नव्हती, आपणच आणलेली थरथर घटकाभर थांबवीत होती. ही गोष्ट मला फार उशिरां एका डॉक्टरनें समजावून दिली.

आम्हीं काय केलें? गुत्त्यावरची उधारी मीं भागविली. (आमच्या भागांत १९४८ पर्यंत निजामाचें राज्य होतें, आणि दारू-शिंदीचा मक्ता गुत्तेदाराकडे असे. राज्य गेलें, गुत्तेदार गेला, पण दुकानाचें नांव आमच्या तोंडीं अजून गुत्ताच आहे.) एकदां भागविली, दोनदां भागविली. मला वाटे, चार माणसांत घराची अब्रू राहील. गुत्तेवाल्याला मात्र एवढेंच समजलें कीं याला कितीही उधार द्या, धाकटा भाऊ पैसे आणून देतो. विटांचा व्यापारी आला कीं मी सांगें, दादा पाहुण्यांकडे गेला आहे. दादाच्या थोरल्या लेकीच्या लग्नांत तो हळदीच्या रात्रींच पडला, आणि आम्हीं वऱ्हाडाला सांगितलें, ताप भरला आहे. दारूचा खर्च मी सोसला, खोटें मी बोललों, शिव्या वहिनीनें खाल्ल्या, काम आबांनीं ओढलें. मग दारूचा त्रास त्याला स्वतःला व्हावा तरी कशाचा? त्याच्या वांट्याचें सारें ओझें आम्हीं वांटून घेतलें होतें आणि त्याला प्यावयास मोकळें ठेविलें होतें.

एका रात्रीं मीं त्याला लिंबाला बांधून मारलें. हें सांगतांना मला लाज वाटते, पण मघां त्याला वचन दिलें आहे, तेव्हां सांगितलें पाहिजे. दुसऱ्या दिवशीं तो दुप्पट प्याला.

नंतर तुळजापूरला नेऊन शपथ घालविली. ती सतरा दिवस टिकली. मग माळ घातली. माळेला मी नांव ठेवीत नाहीं. माळ घालून सुटलेलीं माणसें या सभेंत असतील, आणि ज्याला वारीचा व भजनी मंडळाचा संग मिळतो त्याला संध्याकाळीं बसावयास दुसरी जागा मिळते, हा लहानसहान लाभ नव्हे. परंतु शरीर आंतून दारू मागत असतां केवळ शपथेच्या बळावर तें गप्प बसत नाहीं. शपथ मोडली कीं माणूस दारूडा तर असतोच, वर देवाचा अपराधी होतो, आणि त्या लाजेनें आणखी पितो. आमच्या दादाचें असेंच झालें.

आतां एक गोष्ट बायांनीं विशेष कान देऊन ऐकावी. 'पिणाराला न कळत दारू सोडवा' म्हणून पुड्या व गोळ्या विकणारे पुष्कळ आहेत. आमच्या वहिनीनें अशी पुडी आणून आमटींत कालविली. त्या रात्रीं दादा प्याला आणि त्याचें तोंड लालबुंद झालें, छाती धडधडूं लागली, ओकाऱ्या थांबेनात, आणि तो थंड पडला. दवाखान्यांत नेलें म्हणून वांचला. डायसल्फिराम नांवाचें एक खरें औषध आहे. तें घेणारानें दारू प्याली तर शरिरांत विष सांचल्यासारखें होऊन असा त्रास होतो, आणि कमजोर काळजाचा माणूस त्यांत मरतोही. डॉक्टर तें देतात, पण रोग्याला सर्व समजावून, त्याच्या संमतीनें, आणि काळीज-यकृत तपासून. चोरून दिलेलें औषध म्हणजे विषप्रयोगच. त्या पुडीत काय होतें तें आम्हांला कधींच कळलें नाहीं. वहिनीचा हेतु नवऱ्याला वांचविण्याचा होता, आणि तिच्याच हातून तो जात होता.

त्याहून मोठी चूक माझी. कोणी तरी सांगितलें, तीन दिवस कोंडून ठेवा, दारू उतरेल. आम्हीं त्याला मडकीं ठेवावयाच्या खोलींत कोंडलें. पहिल्या दिवशीं हात कांपले, घाम सुटला. दुसऱ्या दिवशीं त्याला मिरगीसारखा झटका आला. तिसऱ्या रात्रीं तो भिंतीवर मुंग्या चढतात म्हणून ओरडूं लागला आणि आमच्या मेलेल्या चुलत्याशीं बोलूं लागला. आई म्हणाली, बाहेरचें झालें, भगताला बोलवा. सुदैवानें गांवांतली आशाताई आली आणि तिनें गाडी बोलावून सरकारी दवाखान्यांत नेलें. तेथील डॉक्टर म्हणाले, "बाहेरचें कांहीं नाहीं. रोज भरपूर पिणाराची दारू एकाएकीं तोडली कीं असें होतें."

हें ध्यानांत ठेवा. पुष्कळ वर्षें रोज पिणाराची दारू तुटली कीं कांहीं तासांतच कांपरें सुटतें. झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात. भ्रम दुसऱ्या ते चवथ्या दिवसाच्या सुमारास होतो, आणि उपचार न झाला तर त्यांत माणूस दगावतो. म्हणून दारू सोडवावयाची ती डॉक्टरच्या देखरेखीखालीं. ते झोपेचें व झटके थांबविण्याचें औषध मापानें देतात आणि ब-१ जीवनसत्त्वाचीं इंजेक्शनें देतात, कारण पिणाराच्या शरिरांतून तें जीवनसत्त्व आटलेलें असतें, आणि तें न मिळाल्यास मेंदूला कायमची इजा होते. हे पहिले सात-आठ दिवस दवाखान्याचे आहेत. घरच्यांनीं तेथें शौर्य दाखवूं नये.

आतां कोणी म्हणेल, 'हा रोग कसला? पैसे देऊन विकत घेतलेली मस्ती ती.' मीही असेंच म्हणत असें. प्रारंभ त्याच्या हातचा होता हें खरें, आणि केलेल्या नुकसानीचा जाब त्यानें दिलाच पाहिजे, हेंही खरें. पण आमच्या आबांना साखरेचा आजार आहे, त्यांनींही गूळ कांहीं कमी खाल्ला नव्हता, तरी आम्हीं त्यांना लिंबाला बांधलें नाहीं. अमेरिकेंतील डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेनें १९५६ सालींच दारूच्या व्यसनाला आजार म्हणून मान्य केलें. आपल्या सरकारनें दिल्लीच्या एम्स संस्थेकडून देशभर पाहणी करविली, तिचा अहवाल २०१९ सालीं निघाला. त्यांत दारूसाठीं मदतीची गरज असलेलीं माणसें पावणेसहा कोटींच्या घरांत निघालीं, आणि दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या अडतीस जणांत एकालाच कसली तरी मदत मिळते असें आढळलें. बाकीचे सदतीस कोठें आहेत? ते आपापल्या घरांत आहेत, आणि त्यांच्या भोंवतीं आमच्यासारखीं घरें चाचपडत आहेत.

दवाखान्यांतून सुटल्यावर दादा पंधरा दिवसांत पुन्हां प्याला. औषधानें शरिरांतली दारू निघते, मनांतली निघत नाहीं. तेव्हां एका पाहुण्यानें एका केंद्राचा पत्ता दिला. रात्रीं जीप आली, चार माणसें उतरलीं, झोपलेल्या दादाचे हातपाय धरून त्याला गाडींत टाकलें. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले. भेटूं देत नसत. दीड महिन्यानें मी भांडून आंत गेलों तेव्हां त्याच्या पाठीवर वळ होते. त्या केंद्राचें नांव मी सांगत नाहीं. पण अशीं ठिकाणें पुष्कळ आहेत, म्हणून सांगतों: मानसिक आरोग्याचा कायदा २०१७ सालीं झाला आणि २०१८ पासून लागू आहे. दारूच्या व्यसनानें होणारे मनाचे आजार त्यांत येतात. त्या कायद्यानें रोग्याला साखळीनें बांधण्याची मनाई आहे, क्रूरपणें वागविण्याची मनाई आहे, आणि उपचारकेंद्राला सरकारी नोंदणी लागते. केंद्रांत नेण्यापूर्वीं विचारा: नोंदणी आहे काय? डॉक्टर कोण, आणि तो किती दिवसांनीं येतो? घरच्यांना भेटतां येतें काय? घरच्यांसाठीं कांहीं शिकवण आहे काय? या शेवटच्या प्रश्नाला ज्यांच्याजवळ उत्तर नाहीं, त्यांच्या दारांतूनच परत फिरा.

खरें वळण २०१६ सालीं लागलें. दुष्काळ होता. नदींत पाणी नाहीं, चिखल तुडवावयास पाणी नाहीं, भट्टी बंद. दादा दिवसभर पीत असे. त्या सुमारास आपल्या जिल्ह्यांत सरकारनें प्रेरणा प्रकल्प सुरू केला होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्या होत होत्या, म्हणून आशाताई घरोघर जाऊन मनाची विचारपूस करीत. आमच्या आशाताईनें वहिनीला विचारलें, "बाई, तुला झोप येती का?" अकरा वर्षांत त्या बाईला तिच्या झोपेबद्दल कोणी विचारलें नव्हतें. ती दोन तास रडली. आणि मग तिनें ठरविलें. तिनें दादा शुद्धींत असतांना, सकाळच्या वेळीं, आरडाओरडा न करतां सांगितलें: "मी लेकरं घेऊन माहेरी चालले. तुम्ही उपचार घ्यायला निघालासा, की मी त्या दिवशी परत येते. तुम्हांला टाकलं न्हाई. ह्या दारूसंगं राहायचं टाकलं." आणि ती खरोखर गेली. गांवांत तिला नांवें ठेवणारे पुष्कळ निघाले. आमच्या आईनेंही ठेविलीं. त्याच आठवड्यांत मीं उधारी भागविणें बंद केलें, आणि व्यापाऱ्याला प्रथमच खरें सांगितलें. अठराव्या दिवशीं दादा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ने बाबा कुठं न्यायचं तिथं."

येथें एक भेद नीट समजून घ्या. वहिनी रागानें धमकी देऊन गेली असती आणि चार दिवसांनीं परत आली असती, तर तिच्या शब्दाला मोल उरलें नसतें. जें करणें आपल्याच्यानें होईल तेंच बोलावें, आणि बोललें कीं तें करावें. तसेंच, ज्या घरांत मारहाण आहे तेथें 'नवरा आजारी आहे' म्हणून बाईनें मार खात बसूं नये. आजार हा माराला परवाना नव्हे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा बाईच्या बाजूनें आहे, आणि ११२ या नंबरावर पोलीस येतात. आधीं जीव, मग संसार, मग दारू.

पुढें दादा ज्या केंद्रांत राहिला तेथील रीत मुळांत कोठून आली, तें सांगितलें पाहिजे. पुण्यास १९८० नंतरच्या काळांत गर्द नांवाच्या विषारी पुडीचें व्यसन तरुणांत पसरलें. अनिल अवचट यांनीं त्यावर लिहिलें. तें वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनीं एक लाख रुपये देऊं केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयांत डॉक्टर होत्या. त्यांनीं तेथेंच २९ ऑगस्ट १९८६ रोजीं मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र सुरू केलें. पुढें गर्दपेक्षां दारूचेच रोगी अधिक येऊं लागले. डॉ. अनिताताई १९९७ सालीं वारल्या, अनिल अवचट २०२२ सालीं. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनीं काम पुढें चालविलें. तेथें मारझोड नाहीं. सुमारें पांच आठवडे राहावयाचें, रोजचें काम, व्यायाम, गटांत बसून बोलणें, आणि सांभाळणारीं माणसें पुष्कळशीं तींच, जीं एके काळीं स्वतः रोगी म्हणून आलीं होतीं. हें मला सर्वांत पटलें. ज्यानें स्वतः मडकें फोडलें आहे त्यालाच तें कोठें फुटतें हें ठाऊक असतें. आणि तेथें रोग्यांच्या बायकांचा निराळा गट असतो, त्याला सहचरी म्हणतात.

बायकांचा गट कशाला, असें मला पूर्वीं वाटे. पिणारा तो, शाळा हिला कां? याचें उत्तर एका अमेरिकन बाईच्या गोष्टींत आहे. १९३५ सालीं अमेरिकेंत बिल विल्सन नांवाचा एक दारूडा व एक दारूडा डॉक्टर एकत्र आले. एकमेकांना भेटून, बोलून, त्यांनीं दारू सोडली. त्यांतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही मंडळी निघाली, जिच्या सभा आज आपल्याकडेही भरतात. त्या बिलची बायको लोइस. नवरा प्यायचा तेव्हां तिनें वर्षानुवर्षें सोसलें. नवरा सुटला आणि एक दिवस सहज म्हणाला, 'चल, सभेला उशीर होईल,' तर तिनें पायांतला बूट काढून त्याच्यावर फेकला. (हंशा.) हंसूं नका, त्या बुटांत सगळें आहे. तिला स्वतःलाच कळेना कीं आतां राग कसला. इतकीं वर्षें त्याला सांभाळणें हेंच तिचें जिणें झालें होतें, आणि तिला न जुमानणारा तो माणूस परक्यांच्या बोलण्यानें सुधारला. तिनें पुढें १९५१ सालीं घरच्यांचीच निराळी संघटना काढली. तिचें नांव अल-ॲनॉन.

आमच्या घरींही बूट फेकून झाले. दादा परत आला, हंसतमुख, अंगावर मांस आलेलें. गांव म्हणूं लागलें, वा वा! आणि घरांत रोज भांडण. वहिनी जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेई. तो परसाकडे गेला तरी धाकटा पोरगा मागें जाई. मी त्याच्या खिशांत हात घालीत असें. एक दिवस तो म्हणाला, "पीत व्हतो तवा तुम्ही एवढं राखत नव्हता. मग न पिऊन काय फायदा?" त्या केंद्रांतील बाईंना मीं फोन केला. त्या म्हणाल्या, संशय तुमचा आहे, तो तुम्हीं त्याच्याजवळ बोलून दाखवा, चोरून तपासूं नका. मग आम्हीं ठरविलें. गोळी तो स्वतः वहिनीसमोर घेईल. मालाचे पैसे कांहीं दिवस माझ्याकडे येतील, पण रोजच्या खर्चाचे पैसे त्याच्या हातांत राहतील, कारण मोठ्या माणसाला चहाच्या पैशासाठीं हात पसरावयास लावलें तर त्याचा मान जातो. आणि संशय आला तर तोंडावर विचारावयाचें, एकदांच.

पहिले सहा महिने कसे असतात तें सांगतों. झोप येत नाहीं. चिडचीड होते. गोड खावेंसें वाटतें. आमच्या घरीं त्या सालीं गूळ फार गेला, जाऊं द्या. भूक लागली, राग आला, एकटें वाटलें, दमला, कीं दारू आठवते. म्हणून वेळेवर भाकरी हें अर्धें औषध आहे. संध्याकाळची वेळ वाईट. पूर्वीं ज्या वेळीं गुत्त्यावर जात असे, त्या वेळीं आम्हीं आवा भरण्याचें काम ठेविलें. सोबती येतात. 'एक घोटानें काय होतें' म्हणणारा सोबती शत्रूपेक्षां वाईट. हळद, वरात, जत्रा, पोळा, निवडणुका, यांत पहिल्या वर्षीं न गेलें तर कोणी मरत नाहीं. आणि त्याला एकदम कारभारी करूं नका. आम्हां कुंभारांना ठाऊक आहे, चाकावरून उतरलेलें मडकें दिसावयास पुरतें असतें, पण तें सावलींत वाळूं न देतां आव्यांत घातलें तर तडकतें.

तरी तें तडकलेंच. २०१७ च्या नवरात्रांत दादा तुळजापुरास घट विकावयास बसला. माल चांगला गेला, खिशांत रोकड, जुने सोबती भेटले. रात्रीं तो घरीं आलाच नाहीं. सकाळीं मीं त्याला एका पारावर पडलेला पाहिला. त्या वेळीं माझा हात उठला होता. खरें सांगतों, उठला होता. मग मला लिंबाचें झाड आठवलें. मी त्याच्याशेजारीं बसलों. तो म्हणाला, "गेलं समदं." मी म्हणालों, "वरीसभर प्याला न्हाईस, ते कुठं गेलं? ते हायच की." त्याच दिवशीं फोन केला, त्याच आठवड्यांत तो पुन्हां केंद्रांत गेला. उलटा घसरा हा या रोगांत पुष्कळांना येतो. दम्याचा रोगी पुन्हां धापूं लागला तर आपण औषध फेकून देत नाहीं. पण लपवूं नका, आणि 'एवढ्या वेळीं जाऊं द्या' असेंही म्हणूं नका. पहिल्याच दिवशीं उपचाराकडे वळवा. त्या नवरात्रानंतर आजपर्यंत दादानें घोट घेतला नाहीं. उद्यांचें आम्ही बोलत नाहीं.

लेकरांबद्दल दोन शब्द. आम्हांला वाटे, त्यांना कांहीं कळत नाहीं. धाकट्या पोरानें केंद्रांतल्या बाईंना सांगितलें, "मी अभ्यास केला न्हाई म्हणून बापू पितो." सात वर्षांचें पोर तें! लेकरांना स्पष्ट सांगा: बाप आजारी आहे, हें तुझ्यामुळें नाहीं, आणि तें बरें करणें तुझें काम नाहीं. हेंच वहिनीलाही कोणी तरी दहा वर्षें आधीं सांगावयास हवें होतें.

गांवाकडूनही कांहीं पाहिजे. दुकान शेजारीं असतां सुटलेल्यानें रोज किती लढावें? सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणें गांवांतल्या बाया मतदान मागून दारूचें दुकान बंद करूं शकतात, आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मतें पडलीं पाहिजेत. पण दुकान बंद झालें कीं काम संपलें असें समजूं नका. गांवांत जे रोज पिणारे आहेत ते त्या दिवसापासून दोन वाटांनीं जातील, चोरट्या हातभट्टीकडे, नाहीं तर एकाएकीं तुटल्यानें झटक्यांकडे. हातभट्टींत मिथेनॉल मिसळलेलें असलें तर माणूस आंधळा होतो आणि मरतो. तेव्हां दुकान बंद करणाऱ्या बायांनीं त्याच दिवशीं दवाखान्याचीही सोय पाहून ठेवावी. बाटली आडवी करणें सोपें, माणूस उभा करणें अवघड.

सोय कोठें? जिल्हा रुग्णालयांत मनाच्या आजारांचा विभाग असतो, तेथें प्रथम जा. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर २०२२ पासून चालू आहे, मराठींत बोलतात, पैसे पडत नाहींत. व्यसनासाठीं १४४४६ हाही सरकारी नंबर आहे. पिणारा तयार नसला तरी घरच्यांनीं फोन करावा. त्यानें येईपर्यंत वाट पाहूं नका. आम्हीं अकरा वर्षें तीच पाहिली.

आतां माझें बोलणें संपलें. ज्यांना सर्वांसमोर विचारतां येत नाहीं, त्यांच्यासाठीं दादा सभा सुटल्यावर बाहेर वडाखालीं बसणार आहे. वहिनी बायांसाठीं निराळी, पलीकडे ओसरीवर बसेल. चहा आमच्याकडून.